चौक चौकोनी का येईना? औसा तालुक्यातल्या पट्ट्यांच्या गोधडीचं प्रकरण

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका गावात सहा बायकांचा शिवणगट आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश ही त्यांची रोजची कामं. सोयाबीनची रास झाल्यावर आणि हरभरा काढणीला येण्याआधी जो मोकळा काळ मिळतो, त्यात त्यांनी पुण्याच्या एका खरेदीदार बाईंचं गोधड्यांचं काम घेतलं. वरचा थर मशीनवर पट्ट्या जोडून करायचा, आत जुनी सुती साडी, खाली मांजरपाट आणि शेवटी हाताचा धावदोरा. माप ६० इंच बाय ८४ इंच. पहिल्या तीन गोधड्या गेल्या आणि परत आल्या. पलंगावर अंथरल्या की एक कोपरा खाली लोंबायचा, मध्ये फुगे यायचे आणि कडा लाटेसारखी हलायची.

मी शिवणकाम शिकवते. गटाच्या अध्यक्ष काकूंनी फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता, "माप तर बरोबर यायलंय, मंग गोधडी वाकडी कशी व्हायली?" प्रश्न अगदी नेमका होता. कापताना प्रत्येक पट्टी खरोखरच मापात होती. बिघाड पुढे कुठेतरी होत होता, आणि तो एका ठिकाणी नसून तीन ठिकाणी होता. पट्ट्यांचं काम करणाऱ्या दुसऱ्या गटांनाही उपयोगी पडावं म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट मांडते आहे. गटातल्या बायकांची नावं त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

आधी नमुना समजून घेऊ, कारण सगळं गणित त्यावर आहे. अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या लांबीत जोडायच्या. त्याचा एक पट्टा होतो. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच, दोन्ही काठ काढले की ४२ इंच हाती राहतात. म्हणजे पट्ट्याची लांबी ४२. या पट्ट्यातून साडेआठ इंचाचे चार चौक कापायचे. एक चौक उभा, शेजारचा आडवा, असं लावत गेलं की चटईच्या विणीसारखं दिसतं. रुंदीत सात चौक, लांबीत दहा, एकूण ७०. शिवून झाल्यावर प्रत्येक चौक आठ इंचाचा राहतो, म्हणून मधला भाग ५६ बाय ८०, आणि भोवती दोन-दोन इंचांची किनार लावली की ६० बाय ८४. कागदावर हे चोख आहे. मात्र ते चोख राहतं एकाच अटीवर: प्रत्येक टिपेला माया, म्हणजे टिपेच्या बाहेर कडेला राहणारं कापड, बरोबर पाव इंच, म्हणजे दोन सूत गेली पाहिजे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

मी परत आलेल्या गोधड्यांपैकी एकीची किनार उसवली आणि मधला भाग ओळीओळीने मोजला. कच्च्या कडांसकट ओळ ५६ इंच ४ सूत भरायला हवी होती. एक ओळ भरली ५४ इंच ५ सूत आणि तिच्या खालची ५४ इंच २ सूत. पुढे तसंच, एक आड एक. हा आलटून-पालटून येणारा फरक पाहिला आणि अर्धं निदान झालं. हात अस्थिर असता तर आकडे वाटेल तसे आले असते. इथे चूक होती, पण तिला शिस्त होती.

गटाचं मत वेगळं होतं. या गोधडीचे चौक गटातल्या सगळ्यात लहान सुनेने शिवले होते. "तिचाच हात वाकडा," असं ठरलं होतं आणि तिला काज-बटणावर बसवलं होतं. मी तिला पुन्हा मशीनवर बसवलं, चार पट्ट्या दिल्या आणि तिची प्रत्येक टीप मोजली. पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत माया अडीच सूत. सुरुवातीला अडीच, मध्ये अडीच, शेवटीही अडीच. इतकी सरळ टीप त्या खोलीत दुसऱ्या कुणाची नव्हती.

आता हे अर्धं सूत काय करतं ते पाहा. टीप दोन पट्ट्यांना जोडते, म्हणून अर्धं सूत दोन्हीकडून जातं. एका टिपेला एक सूत कमी. चार पट्ट्यांना तीन टिपा, म्हणजे तीन सूत कमी. पट्टा साडेआठऐवजी ८ इंच १ सूत रुंद झाला. पण त्यातून चौक कापताना लांबी मोजली ती कागदावरची, साडेआठ. म्हणजे चौक चौकोनी राहिलाच नाही. एका अंगाने ८ इंच १ सूत आणि दुसऱ्या अंगाने ८ इंच ४ सूत. असा एक उभा आणि एक आडवा शेजारी आले की कडा तीन सुतांनी चुकते. बायकांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं: कमी पडणारी बाजू ओढून बसवली. ओढलेलं कापड धुतल्यावर, नाहीतर नुसतं अंथरल्यावरही, आपल्या जागी परत जातं. फुगे आले ते तिथून. मग ओळीत सात चौकांना सहा टिपा, प्रत्येक टिपेला पुन्हा एक सूत. असं करत दोन इंच गेले.

या ठिकाणी ब्लाउज आणि गोधडी यांतला फरक नीट सांगायला हवा, कारण हुशार शिंपिणीसुद्धा इथेच अडकतात. ब्लाउज शिवताना आपण खडूने रेघ मारतो आणि त्या रेघेवर टीप घालतो. माया रेघेच्या बाहेर असते. ती अर्धा इंच ठेवा की एक इंच, अंगावर बसणारं माप बदलत नाही. उलट पुढे सैल करायला लागेल म्हणून आपण मुद्दाम जास्त ठेवतो. पट्ट्यांच्या कामात खडूची रेघ नसते. कापलेली कडा हीच रेघ आणि तिच्यापासून दोन सूत आत टीप. म्हणून कातरीचा आणि मायेचा दोष थेट मापात उतरतो, आणि जेवढे जोड जास्त तेवढा तो वाढत जातो. या गटातल्या बायका पंधरा-पंधरा वर्षं शिवतायत. त्यांच्या हाताला उणीव नव्हती, हाताला लागलेली सवय दुसऱ्या कामाची होती.

माया पाव इंचच का, अर्धा इंच का नको, असंही एका मावशींनी विचारलं. कारण धावदोऱ्याचं आहे. वरचा थर, आतली साडी, खालचा मांजरपाट आणि त्यात जोडाच्या जागी मायेचे आणखी थर. माया रुंद असेल तर हाताच्या सुईला त्या जाड जागा वारंवार लागतात, टाके लांब पडतात आणि बोटं सोलवटतात.

सुनेची अडीच सूत आली कुठून? तिची समजूत अशी की मशीनच्या पायाच्या, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या, उजव्या कडेला कापड लावलं की आपोआप पाव इंच येतं. ही समजूत मला बऱ्याच ठिकाणी भेटते. पण हे पायावर अवलंबून असतं. गटात तीन मशीन आहेत, दोन पायमशीन आणि एक मोटरची. तिघींचे पाय वेगळे. एकीवर कडेला धरून दोन सूत येत होती, सुनेच्या मशीनवर अडीच आणि मोटरच्या मशीनवर जवळपास तीन. तिन्हींचे चौक एकाच ढिगात पडत होते. त्यातून परत आलेल्या दुसऱ्या दोन गोधड्या शिवल्या होत्या, म्हणून त्यांची मापं इतकी अस्ताव्यस्त होती.

उपाय सोपा आहे आणि खर्चाचा नाही. कागदावर सरळ कडेपासून दोन सूत आत एक रेघ मारायची. तो कागद पायाखाली ठेवून हातचाक फिरवत सुई त्या रेघेवर उतरवायची आणि पाय खाली सोडायचा. आता कागदाची कडा जिथे आहे तिथे, तिला चिकटून, एक अडसर बसवायचा. आम्ही जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला, दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवले आणि चिकटपट्टीने मशीनच्या पत्र्यावर बसवले. पायाखाली कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात त्यांच्यावर चिकटपट्टी येता कामा नये, एवढं सांभाळायचं. कापड या अडसराला घासत गेलं की माया बदलायला वावच नाही. सुईऐवजी नजर या अडसरावर ठेवायची, हे मात्र शिकावं लागतं.

तरी लगेच चौक शिवायला घेऊ नयेत. आधी दीड इंच रुंदीच्या तीन छोट्या पट्ट्या जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. आमची पहिली कमी भरली. कारण कापड टिपेवरून दुमडतं तेव्हा दोऱ्याची आणि घडीची जाडी थोडं माप खाते. म्हणून अडसर केसभर डावीकडे सरकवला, माया दोन सुतांना किंचित कमी ठेवली, तेव्हा मधली पट्टी इंचात बसली. मोजायची ती मधली पट्टीच, नुसती माया मोजून हे कळत नाही. दोरा बदलला, कापड जाड आलं, की ही परीक्षा पुन्हा. गटाने आता प्रत्येक मशीनच्या खणात तिचा पास झालेला तुकडा ठेवला आहे.

मशीन जुळल्या आणि चौकांचं माप आलं, पण पट्टे अजून वाकत होते. ४२ इंचाचा पट्टा जमिनीवर टाकला की एका बाजूला कमान धरायचा. हा दुसरा बिघाड, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त अवघड वाटतो, कारण त्यात दोन कारणं एकमेकांत गुंतलेली होती.

एक कारण कापडाचं. खरेदीदार बाईंना जुन्या सुती साडीचा मऊपणा हवा होता, म्हणून प्रत्येक पट्ट्यात दोन पट्ट्या जुन्या साडीच्या आणि दोन लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेल्या नव्या सुती कापडाच्या. नवं कापड पन्ह्यातून आडवं कापलं जायचं. साडी मात्र लांबीतून टर्रकन फाडली जायची, कारण तशी ती सहज फाटते आणि आपल्या आया-आज्या तशीच फाडत आल्या. कापड हातात घेऊन दोन्ही दिशांना ओढून पाहा: लांबीच्या दिशेचा उभा धागा जवळपास ताणत नाही, पन्ह्याच्या दिशेचा आडवा धागा थोडा ताणतो आणि तिरपं ओढलं तर कापड कितीही वाढतं. म्हणजे न ताणणारी साडीची पट्टी आणि थोडी ताणणारी नवी पट्टी एकमेकींना जोडली जात होती. इस्त्री लागली की एक वाढायची, दुसरी तशीच राहायची, पट्टा वाकणारच. साडीही पन्ह्यातूनच कापायची, असं ठरवलं. साडीचा पन्हाही काठ सोडून ४२ इंच देतो. विरलेली साडी कातरीखाली पळते, म्हणून तिला कापायच्या आधी साबुदाण्याची पातळ खळ दिली आणि किंचित ओलसर असताना इस्त्री केली. नवं कापड आधी धुऊन, वाळवून घेतलं. साडी आयुष्यभर धुतली गेलेली असते, तिचं आटणं संपलेलं असतं. नवं कापड गोधडीत गेल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया. एक गुलाबी साडी टेरिकॉट मिसळलेली निघाली, ती बाजूलाच ठेवली.

फाडण्याबद्दल एक आजी हट्टाला पेटल्या. "फाडलेलं सुतात जातंय, कातरीचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. फाटताना कापड धाग्याची वाट सोडत नाही, कातर सोडते. पण फाडलेली कडा एक-दोन सूत आतपर्यंत ताणली जाते आणि तिचे धागे सुटतात. अशा कडेला रेघ मानून दोन सूत माया घेणं कठीण. आम्ही दोघींचं म्हणणं जोडलं. कापडाची पहिली कडा फाडून घ्यायची, म्हणजे धागा सापडतो. मग त्या कडेला समांतर, थोडं आत खडूची रेघ मारून तिथून पुढच्या पट्ट्या कातरीने कापायच्या. गावच्या सुताराकडून अडीच इंच रुंदीची सागवानी पट्टी तासून घेतली, ती ठेवायची आणि दोन्ही कडांनी खडू ओढायचा. टेप लावून ठिपके देत बसायला नको. तसाही गटातल्या कापडी टेपांचा भरवसा नव्हता. वापरून त्या ताणल्या होत्या आणि दोन टेपा शेजारी धरल्या तर दोन फुटांत एक सुताचा फरक होता. आता मापाला एकच स्टीलचा टेप आहे. आणि कापड चार घड्या घालून कापू नका. घडी काटकोनात नसली तर पट्टी उलगडल्यावर बरोबर घडीच्या जागी मोड दिसतो, आणि तो कोणत्याही टिपेने जात नाही.

कमानीचं दुसरं कारण शिवण्याच्या दिशेत होतं. मशीनचे दाते खालचं कापड पुढे नेतात. वरचं कापड पायाला घासतं आणि मागे रेंगाळतं, म्हणून टीप संपताना वरची पट्टी थोडी लांब उरते. एका टिपेत हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण चारही पट्ट्या एकाच टोकाकडून जोडत गेलं की तो एकाच अंगाला साठतो. त्यात मागच्या बाजूने डाव्या हाताने कापड ओढायची सवय. परकराच्या लांब टिपेला ती चालून जाते, इथे पट्टीला ताण बसतो.

म्हणून क्रम बदलला. पट्ट्या एकीला एक अशा रांगेने जोडायच्या नाहीत. आधी दोन-दोनच्या जोड्या करायच्या, मग दोन जोड्या एकमेकींना जोडायच्या, आणि ही मधली टीप उलट्या टोकाकडून घालायची. दोन्ही टोकांना आणि मध्ये टाचणी, टिपेला आडवी. सुई जवळ आली की काढून घ्यायची. एखादी पट्टी सूतभर लांब वाटली तर ती खाली घालायची, दाते तिला सामावून घेतात. एका इंचात १० ते १२ टाके, त्याहून लांब टाका नको, कारण पट्ट्याचे पुढे चौक कापले जातात तेव्हा टिपेच्या टोकाला पक्के टाके घातलेले नसतात आणि मोठा टाका उसवत जातो. मागचा हात फक्त कापडाला वाट दाखवायला. मोटरच्या मशीनवर बसणाऱ्या वहिनींना हे सगळ्यात जड गेलं. त्यांची माया एकाच टिपेत दोन सुतांपासून साडेतीनपर्यंत फिरायची. वेग कमी करा असं सांगून फरक पडला नाही. त्यांना काही दिवस पायमशीनवर बसवलं तेव्हा हात शांत झाला. मला इथे सुनेची बाजू पुन्हा मांडावीशी वाटते. जिचा दोष कायम सारखा असतो, तिचा दोष मशीनवर एक कागद चिकटवून जातो. जिचा दोष दर बोटाला बदलतो, तिला वेळ द्यावा लागतो. ढिगातला चौक चुकला की आपण तिऱ्हाईतासारखं "हात वाकडा" म्हणून मोकळे होतो. पण चार टिपा मोजल्याशिवाय हे दोन हात ओळखता येत नाहीत.

तिसरा बिघाड इस्त्रीचा, तो लवकर सापडला. गावात लाइट कधी असते, कधी नसते. लाइट नसताना पितळी तांब्यात निखारे घालून तो टिपेवरून फिरवला जायचा. उष्णता पुरेशी, पण तांब्या घासत न्यावा लागतो आणि आडव्या धाग्याची पट्टी त्याबरोबर वाढत जाते. विजेच्या इस्त्रीनेही बायका शर्ट करतात तशीच सरकवत होत्या. टीप घातली की पट्ट्या न उलगडता आधी टिपेवर इस्त्री नुसती टेकवायची, उचलायची, पुढे टेकवायची. मग उलगडून, माया गडद रंगाच्या पट्टीकडे वळवून, सुलट बाजूने पुन्हा तसंच. माया फिक्या रंगाखाली गेली तर वरून सावली दिसते. लाइट नसेल तर टीप कातरीच्या मुठीने दाबून ठेवायची आणि इस्त्री लाइट आल्यावर. तांब्या बंद.

आता शिवून पडलेल्या मालाचं काय, हा प्रश्न गटासाठी सगळ्यात मोठा होता. सगळं उसवायचं तर कापड विरलं असतं. सुनेच्या मशीनवरचे चौक ८ इंच १ सूत बाय ८ इंच ४ सूत होते, आणि सगळे तसेच होते. आम्ही ओळी उसवल्या, चौकांतल्या टिपांना हात लावला नाही आणि लांब बाजू कापून सगळे चौक ८ इंच १ सुताचे केले. उरलेलं शिवण दुरुस्त मशीनवर, दोन सुतांच्या मायेने. शिवल्यावर चौक ७ इंच ५ सूत. सात चौकांचे ५३ इंच ३ सूत, दहांचे ७६ इंच २ सूत. राहिलेली जागा किनारीने भरली: दोन्ही बाजूंना ३ इंच अडीच सूत, डोक्याला आणि पायथ्याला ३ इंच ७ सूत. गोधडी ६० बाय ८४ झाली आणि रुंद किनार उलट उठून दिसली. मोटरच्या मशीनवरच्या चौकांचा असा इलाज नव्हता, त्यांची एकच बाजू दोन टोकांना दोन मापांची होती. त्यांचे उशीचे अभ्रे केले.

किनारीतही एक खाच आहे, कडा हलायची ती तिच्यामुळे. बायका किनारीची पट्टी न मोजता कडेला लावत जायच्या आणि संपेल तिथे कापायच्या. कडा हाताळून आधीच सैल झालेली असते, किनार तेवढीच सैल बसते. लांबी गोधडीच्या मधोमध मोजायची, त्या मापाची किनार कापायची, दोन्हींचे अर्धे आणि पाव भाग टाचणीने जुळवायचे आणि मगच टीप.

आजींचा शेवटचा आक्षेप उरला होता, गोधडीला कशाला एवढी फूटपट्टी? त्यांच्या हातची गोधडी मी पाहिली आहे. त्यात तुकडे आधी एकमेकांना जोडलेले नसतात. खालच्या साडीवर एकेक तुकडा मांडत, कड दुमडत, धावदोऱ्याने कडेकडून आत जात तो बसवला जातो. प्रत्येक तुकडा आपली कमी-जास्त जागा तिथेच मिटवतो, पुढच्याला देत नाही. म्हणून तिला फूटपट्टी लागत नाही आणि लागूही नये. मशीनच्या पट्ट्यांत दोष पुढे चालत जातो. दोन्ही गोधड्याच आहेत, पण पद्धती दोन आहेत, आणि एकीचे नियम दुसरीला लावले तर दोन्ही बिघडतात. धावदोरा अजून आजीच घालतात, आणि आता जोडावरून सुई सहज जाते म्हणाल्या.

पुढच्या कामासाठी मी गटाला मूळ नमुनाच बदलायला सांगितला आहे. ४२ इंचाच्या पट्ट्यातून साडेआठचे चार चौक निघतात आणि आठ इंच कापड वाया जातं. पट्टी अडीचऐवजी २ इंच ३ सूत कापली तर चार पट्ट्यांचा पट्टा आठ इंच रुंद होतो, आणि आठ इंचाचे पाच चौक ४० इंचांत बसतात. टोकं सारखी करायला दोन इंच उरतात. शिवलेला चौक साडेसात इंच. रुंदीत आठ चौक म्हणजे नेमके ६० इंच, लांबीत अकरा म्हणजे साडेब्याऐंशी, आणि डोक्याला दोन इंच रुंद कापलेली एक पट्टी लावली की ८४. एकूण चौक ८८. पट्टे तेवढेच लागतात, १८; त्यांतून ९० चौक निघतात, आणि किनारीचं काम उरत नाही. सुताराला २ इंच ३ सुताची नवी पट्टी सांगितली आहे. पट्टे सून शिवणार आहे. प्रत्येक पट्टा झाला की त्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून खडूने त्याच्यावरच लिहायची, आणि दर दोन चौकांनंतर पट्ट्याचं टोक काटकोनात आहे का ते पाहून मगच पुढची कातर लावायची.